रंग कुठून आणायचा?

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक मोठा फोटो फ्रेम करून लावलाय आणि तो भिकार आहे. मीच सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायचे कष्ट नकोत. मधोमध लाल गुलाबाच्या फुलासारखा एक तेजोमेघ आहे, तो तेवढा बरा आलाय. पण भोवतीचं आकाश शेवाळलेल्या टाकीसारखं हिरवट, आणि उजवा कोपरा तर विचारूच नका. पाहुणे येतात, मान वाकडी करून बघतात, विचारतात, "हे काय आहे?" मी म्हणते, नेब्युला. मग ते "छान आहे हं" म्हणून पोह्यांकडे वळतात. ह्यांच्या कॉम्प्युटरवर याच तेजोमेघाचे असे फोटो आहेत की बघणारा पोहे विसरेल. ते सोडून हाच का लावला, असं हे अजून मला विचारतात. हे म्हणजे माझा नवरा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्न झालं तेव्हाच माझी नेमणूक सुरगाणा तालुक्यात होती, गुजरातच्या हद्दीजवळ, डोंगरात. हे नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात. सिडकोत आमचं छोटं रो-हाउस, तिथं हे आणि सासूबाई. सगळे तेव्हा म्हणाले, होईल गं बदली, एखाद-दोन वर्षांत. कसली होतेय! एकदा नियम बदलला, एकदा यादी रद्द झाली, एकदा कुणीतरी कोर्टात गेलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की जीपने सुरगाणा, तिथून एसटीने वणी, दिंडोरी करत संध्याकाळी नाशिक, आणि सोमवारी पहाटे परत. अशी आमच्या संसाराची तऱ्हा. मूल नाही आम्हाला. त्यावर जेवढं बोलायचं तेवढं बोलून झालंय, इथं नको.

ह्यांना आकाशाचा नाद माझ्याही आधीपासूनचा. पण सिडकोच्या गच्चीवरून आकाश म्हणजे काय? चौकातल्या हायमास्टचा झगझगाट, समोरच्यांचा पोर्चमधला दिवा, आणि उरलेल्या जागेत चार तारे. त्यातून ह्यांनी वाट काढली ती एका फिल्टरने. तेजोमेघातला हायड्रोजन एका ठरावीक लाल रंगात चमकतो. हा फिल्टर प्रकाशाचा तेवढाच अरुंद पट्टा आत सोडतो, बाकी शहराचा सगळा उजेड बाहेर. लग्नाच्या मांडवात भांडी, माणसं, पोरं यांचा कल्ला चालू असावा आणि आपल्या कानावर नुसती सनई यावी, तसं. त्यामुळे हायमास्टच्या नाकावर टिच्चून ह्यांना ढगाच्या बारीक बारीक झिरमिळ्या टिपता यायच्या. फक्त एकच अडचण. तो फोटो काळा-पांढरा. हायड्रोजन कुठे किती आहे ते कळतं, पण ताऱ्यांना रंग नाही, आकाशाला रंग नाही. रंग हवा असेल तर तो काळ्याकुट्ट अंधारात जाऊन साध्या कॅमेऱ्याने वेगळा टिपायचा आणि मग दोन्ही एकमेकांत मिसळायचे. आणि काळाकुट्ट अंधार कुठे? जिथं ह्यांची बायको बसली होती तिथं.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ह्यांनी जुना कॅमेरा, एक लेन्स आणि ताऱ्यांच्या मागे मागे हळू फिरणारं एक छोटं यंत्र माझ्यासमोर ठेवलं आणि शिकवायला बसले. मी म्हटलं, "अहो, दिवसभर पोरांना शिकवून वर हे करू मी?"

"संध्याकाळी जेवण झाल्यावर थोडा वेळ फक्त. बटण दाबायचं आणि बसायचं."

पुरुषांना प्रत्येक काम बटण दाबण्याएवढंच वाटतं. शाळेच्या मागे कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवायचं, ध्रुव तारा शोधून यंत्र त्याच्याकडे वळवायचं, दवाने काच धुरकटू नये म्हणून मोज्यात कोमट वाळू भरून तो लेन्सला बांधायचा, कुणी बॅटरी घेऊन आलं की ओरडायचं. हे सगळं त्या बटणात बसत होतं.

पण खरं सांगू का, मला ते आवडायला लागलं. जेवणं उरकली की शेजारच्या बाया चादरी गुंडाळून माझ्याजवळ येऊन बसायच्या. कॅमेऱ्याच्या मागच्या चिमुकल्या पडद्यावर एकेक फोटो उमटायचा आणि आम्ही सगळ्या डोकी जोडून बघायचो. तारे पांढरे नसतात हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, मी ते मुलांना शिकवलंही होतं. पण निळा तारा निळा दिसला तेव्हा मी चक्क टाळी वाजवली. हिवाळ्यात मृगाच्या पूर्वेला तो गुलाबाच्या फुलाचा तेजोमेघ असतो, त्याच्या मधोमध ताऱ्यांचा पुंजका आहे. सगळे निळसर, त्यात एकच नारिंगी, बाकीच्यांपेक्षा ठळक. हे म्हणाले, तो त्या पुंजक्यातला नाहीच मुळी. आपल्या वाटेत, बराच अलीकडे उभा आहे, म्हणून त्यांच्यातला वाटतो. ते ऐकून तो मला एकदम माझा वाटायला लागला. शनिवार-रविवार सासरी येणारी मीसुद्धा लांबून बघणाऱ्याला त्या घरातलीच दिसत असणार.

मेमरी कार्ड मी वेलदोड्यांच्या रिकाम्या डबीत घालून आणायचे. दारात चपला काढते न काढते तोच हे विचारायचे, "कार्ड आणलंस?" कशी आहेस नाही, दमलीस का नाही. सासूबाई आतून ओरडायच्या, "आरं, तिला पानी तरी पिऊ दे आधी!"

रविवारी सकाळी डायनिंग टेबलावर मिसळण्याचा कार्यक्रम. एका बाजूला लॅपटॉप, एका बाजूला सासूबाई मेथी निवडत. पहिल्या पहिल्यांदा ह्यांनी काय करावं? स्वतःचा फोटो पाया म्हणून घेतला आणि माझा रंग त्यावर नुसता फासला. ढग उठून आला, नाही म्हणत नाही. पण तारे सगळे एकजात गुलाबी, रंगवलेल्या साबुदाण्यासारखे.

"माझे तारे कुठे गेले?" मी म्हटलं.

"आहेत की. ते काय."

"हे माझे नाहीत. माझा नारिंगी कुठाय दाखवा."

ह्यांनी मोठं करून दाखवला. तोही गुलाबी. मग जी जुंपली! मी म्हटलं, थंडीत कुडकुडत मी रंग आणते आणि तुम्ही तो चवीपुरताही ठेवत नाही. हे म्हणाले, तुझ्या फोटोत ढग दिसतोय का नीट, सगळं बळ माझ्या लालात आहे. सासूबाई म्हणाल्या, "कालवनावरनं भांडावं तसं भांडता दोघं. काय जास्त झालंय ते तरी सांगा."

"आई, तुमच्या लेकाने नुसतं लालेलाल केलंय."

"त्याचा हात लय सैल हाय तिखटाला," त्या म्हणाल्या आणि पुन्हा मेथीकडे वळल्या.

अशा बऱ्याच रविवारांनंतर तह झाला. ह्यांच्या फोटोतले तारे आधी काढून टाकायचे, सॉफ्टवेअरमध्ये ते होतं. उरलेला नुसता ढग माझ्या रंगीत फोटोतल्या लाल भागात थोडा थोडा मिसळायचा, आणि चिमूटभर निळ्यात, कारण हायड्रोजन लालाबरोबर किंचित निळाही उजळतो. तसं नाही केलं तर लाल भगभगीत होतो, डोळ्याला टोचतो. तारे मात्र माझे. त्यांना हात लावायचा नाही.

लोक विचारतात, डोळ्यांना असंच दिसतं का? नाही. डोळ्यांना तिथं काहीच दिसत नाही. मग हे खोटं का? मी यावर पुष्कळ विचार केलाय, एसटीत वेळ असतो. ह्यांचा फोटो खोटा नाही, माझाही नाही. फक्त प्रत्येकात काहीतरी राहून गेलंय आणि ते दुसऱ्याकडे आहे. मिसळताना एकाने दुसऱ्याला झाकायचं नाही, एवढंच सांभाळायचं. ते सांभाळणं किती अवघड आहे ते मी आमच्या टेबलावर बघितलंय. आणि हेही सांगते, आठवड्याच्या त्या एका सकाळी आम्ही नवरा-बायको असायचो. बाकीच्या वेळी फोनवर, जेवलीस का, जेवलात का, गॅस आला का, संपलं.

गेल्या संक्रांतीनंतर बदल्यांचं पुन्हा निघालं आणि या वेळी पात्र शिक्षकांच्या यादीत माझं नाव होतं. ऑनलाइन पसंतीक्रम भरायचा, नाशिकच्या जवळच्या शाळा टाकायच्या. जायचं नसेल तर नकार भरायचा, मग राहा तिथंच. शनिवारी एसटीत मी सगळा वेळ एकाच विचारात होते, ह्यांना सांगितल्यावर ह्यांचं तोंड कसं होईल. सासूबाईंना आधी सांगितलं. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. हे टेबलाशी, हातात माउस. मी म्हटलं, "अहो, यादीत नाव आलंय. पसंतीक्रम भरला तर होईल या वेळी."

हे पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू इथं आलीस तर रंग कुठून आणायचा?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "रंग? इतकी वर्षं मी तिथं एकटीची भाकरी थापतेय आणि तुम्हाला रंगाची पडलीय?"

"अगं, मी साधं विचारतोय..."

"नका विचारू!"

त्या रात्री मी सासूबाईंच्या खोलीत झोपले. सोमवारी निघताना वेलदोड्यांची डबी कार्डासकट परत पिशवीत टाकली. बसा म्हटलं लाल कालवत.

शाळेजवळच्या माझ्या खोलीत राग हळूहळू उतरला आणि त्याच्या खाली जे होतं ते वर आलं. ते रागापेक्षा वाईट होतं. मला वाटलं, ह्यांना शनिवारची बायकोच सोयीची आहे. येते, रंग देते, जाते. पुढचा विचार आणखी अवघड, तो माझ्याबद्दलचा. मला तरी इथून निघायचंय का? इथं मी बाई आहे, माझ्या शब्दाला किंमत आहे, डोक्यावर असं आकाश आहे की ते सोडून हायमास्टखाली जाऊन राहायचं जिवावर येतंय. आणि रोज घरी असल्यावर आम्ही बोलणार काय? आमच्याकडे बोलायला तो फोटोच होता. निम्मा तिकडचा, निम्मा इकडचा. दोघं एकाच गच्चीवर उभे राहिलो तर मिसळायचं काय? हे सगळं मी पत्करलं असतं. फक्त ह्यांनी एकदा स्वतःच्या तोंडाने 'ये' म्हणायला हवं होतं. एवढंच हवं होतं मला, जास्त नाही.

फोन केला. म्हटलं, "पसंतीक्रमाची मुदत संपत आलीय."

"बघ, तुला जमेल तसं."

"नकार भरते मग."

हे म्हणाले, "बरं."

फोन ठेवून मी रडले. त्या शनिवारी गेले नाही, शाळेचं प्रशिक्षण आहे म्हणून कळवलं. नकार भरायला मोबाईल हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. पुढच्या आठवड्यात सासूबाईंचा फोन आला. त्या फोनला वैतागतात, कुणीतरी लावून द्यावा लागतो. म्हणाल्या, "ये बाई तू. तो नीट जेवत नाय. आन् मला बी करमत नाय." मुदतीतला शेवटचा शनिवार होता. मी निघाले. कार्ड मुद्दाम नेलं नाही, कॅमेरा ट्रंकेत घालून कुलूप लावलं.

दार ह्यांनीच उघडलं. मी तयारच होते, 'नाही आणलं' ओठांवर होतं. पण ह्यांनी विचारलंच नाही. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "चहा टाकतो. तू आधी इथं बस." आणि मला टेबलाशी, लॅपटॉपसमोर बसवलं.

पडद्यावर हाच फोटो. हाच, सोफ्याच्या वरचा. हिरवट आकाश, पिवळा कोपरा. मी किंचाळलेच, "माझ्या फोटोचं काय केलंत हे?"

"तुझा नाही तो," हे स्वयंपाकघरातून म्हणाले. "इथला रंग आहे. गच्चीवरून काढलाय."

"गच्चीवरून रंग? येतो का कधी गच्चीवरून रंग?"

"नाही येत," हे म्हणाले. "तेच तर."

मग सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. थंडी पडल्यापासून, मी घरी नसताना, लेक रोज गच्चीवर, नाक गळतंय तरी गच्चीवर. समोरच्यांकडे जाऊन, तासभर पोर्चचा दिवा बंद ठेवाल का, असं विचारून आला. मी थक्क झाले. हे म्हणजे रिक्षावाल्याने चुकीच्या गल्लीत सोडलं तरी गप्प उतरून चालत येणारे. "आन् त्या चौकातल्या दिव्याला आडोसा म्हनून माझं हिरवं लुगडं बांधलं कपड्याच्या दोरीवर," सासूबाई म्हणाल्या. "चांगलं लुगडं व्हतं. इचारलं बी नाय."

मी पडद्याकडे बघितलं. ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, "हिरवं लुगडं?"

ह्यांच्या लक्षात तेव्हा आलं. चहाचा कप हातात घेऊन हे दारातच उभे राहिले. "अरे देवा. मी लेन्स बदलली, कॅमेऱ्याचं सेटिंग बदललं, हिरवा कुठून येतोय ते कळेचना मला." हायमास्टचा झोत त्या लुगड्यातून गाळला जाऊन लेन्सवर येत होता. कारखान्यात केसाएवढा फरक पकडणारा माणूस! मला हसू यायला लागलं, पण राग अजून संपला नव्हता.

"कधीपासून चाललंय हे?"

"थंडी सुरू झाल्यापासून. सांगितलं ना आईने."

"तेव्हा तर बदलीचं नावही नव्हतं."

"कधीतरी होणारच होती," हे म्हणाले. "मला दर वर्षी वाटतं, यंदा येशील. म्हटलं, आलीस आणि इथं तुला करायला रंगच नसला, तर करमणार कसं? तिकडं केवढी खूश असतेस. म्हणून म्हटलं, आधी बघून ठेवू, इथून काही जमतंय का. जमेचना. मग तुलाच विचारलं."

"काय विचारलं?"

"हेच की. तू इथं आलीस तर रंग कुठून आणायचा?"

मी नुसती फोटो मोठा करत गेले, काहीतरी करायचं म्हणून. ढगाच्या मधोमध ताऱ्यांचा पुंजका. सगळे तारे धुवून निघालेले, राखेच्या रंगाचे, निळा कुठेच नाही. आणि त्यात एक नारिंगी. फिकट, पण नारिंगी.

"तो तेवढा राहिला," हे मागे येऊन उभे राहिले होते. "कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवला की तो जळून पांढरा होतो. म्हणून छोटे छोटे फोटो घेतले, खूप सारे. बाकी काही जमलं नाही मला."

मी डोळे पदराने पुसले आणि म्हटलं, "भिकार आलाय."

"हो ना."

"मग नकार भरते म्हटलं तेव्हा 'बरं' काय म्हणालात? 'ये' म्हणता येत नव्हतं?"

हे वैतागले. लग्नानंतर माझ्यावर कधी आवाज चढवला नसेल, तो चढवला. "तुझं तिथं सगळं आहे, शाळा आहे, आकाश आहे. मी कुठल्या तोंडाने म्हणू, हे सगळं सोड आणि या लुगड्याखाली येऊन बस म्हणून? वेडी आहेस का तू?"

चहा गार झाला. मी तिथंच बसून मोबाईलवर पसंतीक्रम भरला. सिग्नल येत-जात होता, हे मोबाईल धरून खिडकीशी उभे राहिले आणि मी बटणं दाबली.

मला पिंपळगाव बसवंतच्या अलीकडची एक शाळा मिळाली. सकाळी जाते, संध्याकाळी घरी. तिथलं आकाश विचारू नका, द्राक्षांच्या पॅकहाउसच्या दिव्यांनी सिडको परवडली असं करून टाकलंय. सुरगाण्याची आठवण येते, नाही कसं म्हणू? तिथल्या बायांचे फोन येतात, आकाश कसंय म्हणून मीच विचारते. लुगड्याच्या जागी आम्ही आता जाड काळं कापड बांधतो, रंग मी काढते, लाल हे काढतात, आणि रविवारी टेबलावर पूर्वीसारखीच जुंपते. नवे फोटो या फोटोपेक्षा पुष्कळ बरे येतात. पण मला 'ये' म्हणणारा हा एकच आहे, म्हणून फ्रेम मी ह्याची केली.

"अगं, तो हिरवा रंग तरी काढून देतो," हे परवा पुन्हा म्हणाले. "पाच मिनिटांचं काम आहे."

मी म्हटलं, "हात लावून बघा."